पेटीबाहेरचा मोडेम

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात डायल-अपचा, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेट लावण्याचा, सगळा काळ आम्ही जवळून पाहिला. त्या काळात गिऱ्हाइके हटकून विचारत : मोडेम इंटर्नल घ्यावा की एक्स्टर्नल? दुकानदाराचे उत्तर तयार असे. इंटर्नल स्वस्त, कॅबिनेटच्या आत बसतो, टेबलावर जागा अडवत नाही, वेगळा अडॅप्टर लागत नाही; वेग दोघांचा सारखाच, ५६ के. मग दुप्पट-तिप्पट पैसे कशाला मोजायचे? या हिशेबात खोटे असे एकही वाक्य नव्हते. तरीही या कामात वर्षे घालवल्यावर माझे मत उलटे झाले, आणि डायल-अप संपून गेल्यावरही ते बदललेले नाही. मोडेम ही संगणकाची हद्द आहे. अलीकडे तुमच्या ताब्यातले यंत्र. पलीकडे खांबावरून, डीपी बॉक्समधून, जमिनीखालच्या केबलमधून येणारी तांब्याची जोडी, जिच्यावर तुमचा काडीचाही ताबा नाही. बिघाड जास्त होतात ते या हद्दीवरच. त्यामुळे चालू असताना मोडेम किती वेगाने पळतो यापेक्षा, बंद पडल्यावर दोष हद्दीच्या कोणत्या बाजूला आहे हे तो किती लवकर सांगतो, यावर त्याची किंमत ठरवायला हवी. या कसोटीवर बाहेरचा मोडेम स्वस्त पडत होता.

हे पटण्यासाठी तेव्हाच्या लाइनी आठवाव्या लागतील. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई होती. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि जोडण्या हळूहळू जिल्ह्याच्या, मग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. मोडेमचा वेगही याच सुमारास झपाट्याने वाढला. १९९४च्या व्ही.३४ मानकात सेकंदाला २८,८०० बिट, १९९६च्या सुधारणेत ३३,६००, आणि १९९८च्या व्ही.९० मध्ये कागदावर ५६,०००. कागदावर अशासाठी, की व्ही.९० चालायला सेवा देणाऱ्यापासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंतचा सगळा मार्ग डिजिटल लागतो, आणि डिजिटलचे ॲनालॉग होणे वाटेत फक्त एकदाच चालते. मध्ये आणखी एक रूपांतर आले, किंवा एकाच जोडीवर दोन गिऱ्हाइके बसवणारे उपकरण आले, की मोडेम निमूट व्ही.३४ वर उतरतो. शिवाय टेलिफोनची वाहिनी मुळात बोलण्यासाठी बांधलेली. सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मावेल तेवढेच तिच्यातून जाणार. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरले, ड्रॉप वायर फांदीला घासून उघडी पडली, भिंतीवरच्या रोझेटमधला स्क्रू गंजला, की बोलणाऱ्याला थोडी खरखर ऐकू येई, पण बोलणे अडत नसे. जोडणी तुटायला मात्र तेवढी खरखर पुरे होई. लाइनमन रिसीव्हर कानाला लावून ‘लाइन चांगली आहे’ म्हणे, घरमालक ‘नेट लागत नाही’ म्हणे, आणि दोघेही खरे बोलत असत. या दोघांच्या मध्ये पुरावा घेऊन उभे राहू शकेल असे एकच उपकरण होते, ते म्हणजे मोडेम. तो पुरावा मोडेम दाखवतो की लपवतो, हा माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न.

बाहेरच्या मोडेमच्या दर्शनी पट्टीवर दिव्यांची एक ओळ असते. १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने ही पट्टी आणि ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ केल्या, आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी दोन्ही उचलल्या. फोनवरून दुरुस्ती चाले ती या ओळीच्या भरवशावर. “वहिनी, टीआर लिहिलेला दिवा पेटलाय का?” तो पेटलेला नसेल, तर संगणकातल्या प्रोग्रॅमने पोर्टच उघडलेले नाही, दोष विंडोजच्या मांडणीत किंवा सीरियल केबलमध्ये आहे, टेलिफोनला हात लावायचे कारण नाही. टीआर पेटला, डायल केल्यावर ओएचही पेटला, पण सीडी लागतच नाही, तर मोडेम लाइन उचलतो आहे आणि पलीकडचा वाहक संकेत त्याला सापडत नाही. आता स्पीकरमधला आवाज ऐकायचा. सीडी लागला आणि थोड्या वेळाने विझला, तर संशय लाइनवर. सीडी नीट तेवतो आहे, माहिती पाठवल्याचा एसडी लुकलुकतो आहे आणि माहिती आल्याचा आरडी अगदी निपचित, तर तुमच्या घरापर्यंतचे सगळे शाबूत आहे आणि घोळ सेवा देणाऱ्याच्या बाजूला आहे. त्या दिवशी तिथे फोन करून थांबण्याखेरीज कुणी काही करू शकत नाही. शाळेतले कारकून, औषधाच्या दुकानातली पोरे, पेन्शनीत निघालेले काका, सगळ्यांना हे वाचता येई. पडद्यावरची इंग्रजी चौकट वाचून तिचा अर्थ सांगायचा नव्हता. कोणता दिवा पेटला आणि कोणता विझला एवढेच सांगायचे होते. कितीतरी तक्रारी आमचा माणूस दुकानातून निघण्याआधीच निकालात निघत, आणि ज्या उरत त्यांच्यासाठी काय घेऊन जायचे हे आधीच ठरत असे.

यावर आक्षेप असा येई की आतल्या मोडेमलाही हे सगळे दाखवता येते. पडद्याच्या कोपऱ्यात दोन संगणकांचे चित्र लुकलुकते, विंडोज मोडेमची नोंदवही फाइलमध्ये लिहून ठेवते, जुळणीचा आवाज तर दोन्ही मोडेम करतात. हे खरे आहे. तो आवाज नीट ऐकणाऱ्याला पुष्कळ काही सांगतो. घंटा वाजली की नाही, पलीकडून उत्तराचा सूर आला की नाही, जुळवाजुळव एका दमात झाली की मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, हे कानाला कळते. पण पडद्यावरचे चित्र आणि नोंदवही या दोन्ही गोष्टी विंडोज सांगते, म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तोच साक्ष देतो. ड्रायव्हर गोठला की चित्रही गोठते. संगणक अडकून पडला तर नोंदवही उघडणार कोण? दिवे मोडेम स्वतः पेटवतो. संगणक बंद असला तरी मोडेम तयार असल्याचा एमआर दिवा पेटलेला राहतो, आणि तेवढ्यानेसुद्धा वीज, अडॅप्टर आणि मोडेम हे तीन संशयित एकदम सुटतात. मोडेम स्वतः अडकला, आणि खराब लाइनवर तो अडकतच असे, तर बाहेरच्याला मागचे बटण बंद करून पुन्हा सुरू करायचे; अर्धवट टाइप केलेले पत्र पडद्यावर तसेच राहते. आतला अडकला तर विंडोज ९८ गुंडाळून सगळा संगणक पुन्हा सुरू करायचा.

दोष शोधण्याचा पाया म्हणजे अदलाबदल. संशयित भाग काढायचा, खात्रीचा लावायचा आणि फरक पाहायचा. बाहेरचा मोडेम या कामाला फार सोयीचा. आपला तपासलेला मोडेम पिशवीत टाकून न्यायचा, गिऱ्हाइकाच्या केबलला लावायचा, विंडोजमधला हायपरटर्मिनल हा प्रोग्रॅम उघडून ‘एटी’ लिहायचे आणि ‘ओके’ येते का पाहायचे. ना ड्रायव्हर, ना सीडी. पोर्टावर सगळ्यांची बोली एकच. उलट तपासही तितकाच सोपा, त्यांचा मोडेम दुसऱ्या संगणकाला लावून पाहायचा. आतल्या मोडेमसाठी कॅबिनेट उघडायचे, वॉरंटीचे सील तुटेल का याचा विचार करायचा, मोकळा स्लॉट शोधायचा, जुना ड्रायव्हर काढायचा, नवा घालायचा. एवढे करून जोडणी लागली, तर गुण कशाचा? नव्या कार्डाचा, नव्या ड्रायव्हरचा, की कार्ड काढून घालताना झटकल्या गेलेल्या धुळीचा? एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा दुरुस्तीतला पहिला नियम, आणि आतला मोडेम तो पाळूच देत नाही. काही दोष दोघांनाही सारखेच छळत, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडचा डायलटोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने हेलकावणारा. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झच्या जोडीचा. तिकडच्या सुराला सरावलेला मोडेम इथल्या लाइनवर ‘नो डायलटोन’ म्हणून हटून बसे. त्याला ‘एटीएक्स३’ ही आज्ञा देऊन सुराची वाट न पाहता डायल करायला लावायचे. हा उपाय आत-बाहेर दोन्हीकडे चाले.

बाहेरच्या मोडेमविरुद्धचा सर्वांत बळकट तांत्रिक आक्षेप सीरियल पोर्टाचा होता, आणि एका काळापुरता तो पूर्णपणे बरोबर होता. बाहेरचा मोडेम संगणकाच्याच पोर्टातून बोलतो, आणि जुन्या संगणकांत त्या पोर्टावर ८२५० किंवा १६४५० जातीची चिप असे. तिच्यात आलेले अक्षर ठेवायला जागा एकाचीच. पोर्ट सेकंदाला १,१५,२०० बिटने चालवले, आणि एका अक्षराला दहा बिट धरले, तर दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक अक्षर येऊन थडकते. तेवढ्यात प्रोसेसरने ते उचलले नाही, तर मागचे अक्षर त्याच्यावर चढते आणि माहिती गहाळ होते. १६५५०ए या चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग असते, म्हणजे प्रोसेसरला जवळजवळ दीड मिलिसेकंदाची सवड मिळते. खिडक्या उघडत-मिटत काम करणाऱ्या विंडोजला एवढी सवड लागतेच. आयएसए स्लॉटात बसणारे आतले कार्ड स्वतःची १६५५०ए घेऊन येई, त्यामुळे जुन्या ४८६ वर चांगल्या प्रतीचा आतला मोडेम बाहेरच्यापेक्षा खरोखर उजवा ठरे. मात्र त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागे. कॉम-१ आणि कॉम-३ ही पोर्टे प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एकच ओळ, आयआरक्यू ४, वापरतात, कॉम-२ आणि कॉम-४ आयआरक्यू ३. माउस कॉम-१ वर आणि मोडेमचे जंपर कॉम-३ वर असले, की माउस हलवताच जोडणी तुटावी असला विचित्र दोष उभा राही. पुढे पेंटियमच्या मदरबोर्डांवर १६५५०च्या तोडीची पोर्टे मुळातच येऊ लागली आणि हा आक्षेप आपोआप मावळला. घरोघरी इंटरनेट पोचले ते त्यानंतर, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक गिऱ्हाइकांना तो लागूच नव्हता.

आता किमतीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. आतला मोडेम फक्त पेटी आणि अडॅप्टर वाचल्यामुळे स्वस्त झाला नव्हता. मोडेममध्ये दोन मोठी कामे असतात. एक, संकेत घडवण्याचे आणि ओळखण्याचे गणित. दुसरे, आज्ञा समजून घेणे, चूक झालेला तुकडा व्ही.४२ नुसार पुन्हा मागवणे, माहिती दाबून पाठवणे. पूर्ण मोडेममध्ये दोन्हींसाठी स्वतंत्र चिपा असतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विनमोडेम म्हणून ओळखली जाणारी कार्डे आली. काहींनी दुसरे काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकले. पीसीटेलच्या एचएसपीसारख्या कार्डांनी तर पहिलेही टाकले. कार्डावर उरला तो लाइनला जोडणारा भाग आणि संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग. पुढे हे कार्ड इतके रिकामे झाले की मदरबोर्डावर एएमआर नावाचा आखूड स्लॉट आला आणि त्यात बोटभर पट्टी बसू लागली. गिऱ्हाइकाला वाटे, मोडेम घेतला. प्रत्यक्षात त्याने अर्धा मोडेम घेतलेला असे आणि उरलेला अर्धा त्याच्याच पेंटियममधून वळता होत असे. साध्या प्रोसेसरवर, जेमतेम मेमरीवर, मोठी फाइल उघडताना किंवा व्हायरस तपासणी सुरू झाल्यावर जोडणी डळमळे, आणि दोष पुन्हा लाइनवर ढकलला जाई. हार्ड डिस्क फॉरमॅट केली की ड्रायव्हर हवा. ड्रायव्हरची सीडी हरवलेली. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे. आणि इंटरनेटला मोडेम. कार्डावरच्या चिपेचा क्रमांक भिंगाखाली वाचून, दुसऱ्या संगणकावरून फाइल आणून हे कोडे सोडवण्यात आमचे किती दिवस गेले असतील! विंडोज ९८ वरून एक्सपीवर जाताना पुन्हा तेच. पीसी क्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून लिनक्स बसवून पाहणाऱ्या हौशी मुलांची तर फारच निराशा होई, कारण बहुतेक विनमोडेमांना लिनक्समध्ये जाग येत नसे. बाहेरचा सीरियल मोडेम तिथेही पहिल्या आज्ञेला ‘ओके’ म्हणे.

विनमोडेमची बाजू घेणारे म्हणत की सॉफ्टवेअरवर चालणारे यंत्र सुधारता येते. नवे मानक आले की नवा ड्रायव्हर टाकला, काम झाले. तत्त्वतः हे बरोबर आहे. १९९७ साली ५६ के साठी के५६फ्लेक्स आणि एक्स२ या दोन न जुळणाऱ्या पद्धती बाजारात होत्या, आणि १९९८ मध्ये व्ही.९० ने ते भांडण मिटवले. तेव्हा ज्यांना मोडेम बदलावा लागला नाही त्यांचे पैसे वाचले. पण चांगल्या बाहेरच्या मोडेमांतही फ्लॅश मेमरी होती आणि त्यांचेही अंतरंग असेच नवे करता येत होते. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. सगळेच आतले मोडेम अर्धवट नव्हते. पूर्ण हार्डवेअरची उत्तम आयएसए आणि पीसीआय कार्डे मिळत होती. शिवाय नंतर आलेले काही यूएसबी मोडेम पेटीबाहेर असूनही विनमोडेमच होते. मग भेद पूर्ण आणि अर्धवट असा म्हणा, आत आणि बाहेर असा का म्हणता? हे मला मान्य आहे, माझ्या म्हणण्याचा गाभाच तो आहे. फक्त गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहून पाहा. दुकानातल्या खोक्यावर दोन्हींवर ‘५६ के’ आणि ‘व्ही.९०’ हेच छापलेले. आत काय गाळले आहे हे खोक्यावर लिहिलेले नसे. सीरियल पोर्टाने जोडलेला मोडेम ही एकच अशी जात होती की जिच्यात संकेतांचे गणित आणि डायल करण्याचे काम पेटीतच असणे भाग होते, कारण त्या बारीक केबलमधून ते काम संगणकाकडे ढकलायला वाट नव्हती. १४,४०० च्या काळातल्या आरपीआय पद्धतीच्या काही स्वस्त मोडेमांनी चुका सुधारण्याचे काम तेवढे संगणकावर टाकले होते. त्यापलीकडे पळवाट नव्हती. सामान्य माणसाला पूर्ण मोडेम ओळखण्याची बाहेरून दिसणारी खूण हीच होती, म्हणून आम्ही ‘एक्स्टर्नल घ्या, आणि सीरियलचाच घ्या’ असे सांगत आलो.

आकाशातल्या विजेचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळा लिहायला हवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे ढगांचा गडगडाट सर्वांत जास्त. खांबावरून लांबवर लोंबत येणारी टेलिफोनची तार विजेचा झटका गोळा करून थेट घरात आणते. वीज घरावर पडायचीही गरज नसते, शेजारच्या शिवारात पडली तरी तारेत दाब चढतो. दुसऱ्या दिवशी दुकानात मोडेमांची रांग लागे. आतल्या कार्डाची पत्र्याची पट्टी कॅबिनेटला स्क्रूने घट्ट, कॅबिनेट तीन पिनांच्या केबलने अर्थला जोडलेले. लाइनवरून आलेल्या दाबाला जमिनीत जायची जवळची वाट संगणकातूनच मिळते. कार्ड जळतेच, पण पुष्कळदा त्याच्यामागून पीसीआयच्या तारांतून मदरबोर्डही जातो, आणि मोडेमच्या कितीतरी पट खर्च उभा राहतो. बाहेरचा मोडेम संगणकाला पूर्ण वाचवतो असे मी म्हणणार नाही, कारण तसे नाही. सीरियल केबलची ग्राउंडची तार कॅबिनेटलाच जाते, आणि मोडेमबरोबर पोर्ट गेल्याचीही उदाहरणे पुष्कळ पाहिली. पण झटक्याला आधी मोडेमची पेटी, मग केबल, मग पोर्टाच्या चालक चिपा असे टप्पे ओलांडावे लागतात, आणि तो बहुधा मध्येच कुठेतरी थांबतो. मदरबोर्डावरचे पोर्ट गेले तर जादा पोर्टाचे स्वस्त कार्ड टाकून संगणक चालू करता येई. ढग दिसताच रोझेटमधून वायर काढणे हाच खरा उपाय, आणि तो दोघांनाही सारखाच सोपा. पण मध्यरात्री वीज कडाडते तेव्हा घर झोपलेले असते. तेव्हा काय पणाला लागले आहे, एक मोडेम की सगळा संगणक, याचा विचार खरेदी करतानाच व्हायला हवा होता.

बाहेरच्या मोडेमची खरी दुबळी जागा त्याचा अडॅप्टर. दाब कमी-जास्त झाला की तो तापे, पिन सैल होई, आणि यूपीएसच्या मागच्या खाचांत तो बसतच नसे. वीज गेली की संगणक यूपीएसवर चालू राही आणि मोडेम विझे. लोडशेडिंगच्या वर्षांत हा त्रास रोजचा होता, आणि आतल्या मोडेमवाल्यांचे यूपीएसवर सुखाने चाले. यूपीएसमधून निघणारी वेगळी सॉकेटपट्टी करून घेणे हा त्यावरचा इलाज. थोडा खर्च, थोडा गुंता. ज्याच्या घरी लाइन नवी आणि स्वच्छ, संगणक दमदार, ड्रायव्हरची सीडी सांभाळलेली, त्याला आतल्या मोडेमने वर्षानुवर्षे बिनतक्रार साथ दिली हेही खरे. माझा युक्तिवाद बिघाडाविषयी आहे, आणि बिघाड सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत.

सुरक्षेची एक बाजू तेव्हा फारशी बोलली जात नसे. २००० नंतर जगभर डायलर नावाचे प्रोग्रॅम पसरले. ते गुपचूप चालू जोडणी तोडत आणि परदेशातला महागडा क्रमांक फिरवत. माणसाला कळे ते बिल आल्यावर. आतल्या मोडेमचा स्पीकर सॉफ्टवेअरने बंद केला की तो काय करतो आहे हे समजायला मार्ग नाही. बाहेरच्याचा ओएच दिवा प्रोग्रॅमला विझवता येत नाही, आणि काम झाल्यावर मागचे बटण बंद केले की कुठलाच प्रोग्रॅम काही फिरवू शकत नाही.

डायल-अप गेल्यावर काय झाले हा या सगळ्याचा पुढचा पुरावा आहे. ॲपलने १९९८च्या आयमॅकमध्ये मोडेम पोटातच दिला होता. २००५ मध्ये तो काढून वेगळा यूएसबी तुकडा म्हणून विकायला सुरुवात केली. संगणक आणि लाइन यांचे आयुष्य वेगवेगळ्या गतीने संपते. आयएसए स्लॉट गेले तेव्हा चांगली चालणारी आतली कार्डे भंगारात गेली, तर त्याच वेळचे बाहेरचे मोडेम दोन-दोन संगणक बदलूनही टेबलावर होते. लॅपटॉपवरची सीरियल पोर्टे गेल्यावर त्यांचीही अडचण झाली, पण यूएसबीचे रूपांतरक मिळत होते. त्याच २००५ साली बीएसएनएल आणि एमटीएनएलने ब्रॉडबँड आणले आणि एडीएसएलचा मोडेम घरात आला तो बाहेरचाच, स्वतःच्या प्रोसेसरचा, दिव्यांचा. एडीएसएलचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, एवढ्यावर लाइन की संगणक हे ठरू लागले. आज फायबरच्या खोक्यावर एलओएसचा, म्हणजे संकेत येत नसल्याचा, लाल दिवा लागला की मूलसुद्धा सांगते, केबल तुटली असेल. या निकालाला एक मोठा अपवाद दाखवला जातो, तो हातातल्या फोनचा. जगातले सर्वाधिक मोडेम आज फोनच्या आत आहेत आणि उत्तम चालतात. पण फोनमधला मोडेम अर्धवट नसतो. रेडिओचे गणित करायला त्याचा वेगळा प्रोसेसर आणि वेगळे सॉफ्टवेअर असते, ते काम वरच्या ॲण्ड्रॉइडकडे सोपवलेले नसते. शिवाय तिथे लोंबणारी तार नाही आणि विजेचा झटकाही नाही. जागेने तो आतला असला तरी बाहेरच्या मोडेमचा मुख्य गुण त्याने ठेवला आहे.

गेलेल्या यंत्रांविषयी एवढे लिहिण्याचे कारण सध्याच्या खोक्यांत आहे. अनेक नव्या राउटरांवर आता एकच दिवा असतो, कधी निळा, कधी तांबडा, आणि बाकी सगळे ॲपमध्ये. ॲप उघडायला बहुधा इंटरनेट लागते, आणि जे बंद पडले म्हणून आपण ॲप उघडतो ते इंटरनेटच असते. विनमोडेमच्या ड्रायव्हरचा जुना पेच हाच होता. सेवा देणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे की दिवे काढू नका, आणि त्यांचे अर्थ खोक्याच्या पाठीवर मराठीत छापा. वाचकांना एवढेच सांगणे : जोडणी बसवायला माणूस येईल तेव्हा खोके कपाटाच्या मागे लावू देऊ नका, त्याच्या प्रत्येक दिव्याचा अर्थ विचारून कागदावर लिहून घ्या, तो कागद खोक्याशेजारी चिकटवा, आणि ढग गडगडू लागले की अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा.